कृष्णधवल छायाचित्रांसाठी प्रिंटर निवडताना

आजोबांचे जुने कृष्णधवल छायाचित्र घरी छापले की त्यावर अनेकदा हिरवट वा जांभळट झाक उतरते. दोष छायाचित्राचा नसतो. चार शाईंचा साधा इंकजेट प्रिंटर करडा रंग बहुधा निळी, किरमिजी व पिवळी शाई मिसळून साधतो. मिश्रणाचा तोल किंचित ढळला तरी रंग डोकावतो.

म्हणून करड्या शाईची स्वतंत्र कार्ट्रिज असलेला प्रिंटर निवडावा. एप्सनच्या २००५ मधील ‘आर २४००’मध्ये काळ्याच्या तीन छटा एकाच वेळी वापरल्या जात. शाई पिगमेंट प्रकारची असावी. ती डाय शाईपेक्षा सहसा अधिक टिकते. खरेदीपूर्वी नमुना प्रत सूर्यप्रकाशात आणि ट्यूबलाइटखाली पाहावी. दोन्हीकडे करडा रंग करडाच दिसला, तर निवड योग्य समजावी.