तंजावरची गच्ची, पुण्याचे आकडे

‘आमच्याकडे नोव्हेंबरात तीन किलोवॉटच्या सोलरवर रोज बारा युनिट पडतात, तुमच्याकडे आठच?’ पुण्याच्या नातलगाने फोनवर असं विचारलं की तंजावरच्या मराठी घरात इन्व्हर्टर बिघडल्याची शंका येते. बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबर. कावेरीच्या या खोऱ्यात मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तिकडे आभाळ निवळतं तेव्हा इथे भरून येतं. म्हणून तंजावरचा नोव्हेंबर तंजावरच्याच मागच्या नोव्हेंबरशी ताडून पाहावा. किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट ही वर्षाची ढोबळ सरासरी आहे, रोजची हमी नव्हे.

कडक ऊन म्हणजे जास्त वीज, ही समजूत तर फार पक्की. पॅनेल चालतं प्रकाशावर. उष्णतेने त्याची ताकद घटते. त्यावर छापलेली क्षमता सेलचं तापमान २५ अंश धरून काढलेली असते, आणि पुढच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांवर गेलं की दहा टक्क्यांहून जास्त तिथेच गेली. शिवाय तंजावर जवळपास ११ अक्षांशावर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलवर किरणं तिरपी पडतात. मेचा आकडा मार्चपेक्षा कमी दिसला तर घाबरू नका. मात्र इथल्या गच्चीवर कल दहा-अकरा अंशांचा पुरतो. उत्तर भारतासारखा उभा कल कुणी दिला असेल तर तो जरूर तपासून घ्या.

लाइट गेल्यावर बॅटरी नसलेला ग्रिडचा इन्व्हर्टर भर उन्हातही बंद पडतो. तो बिघाड नाही. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव त्यामुळे वाचतो. ॲपवर काहीच दिसत नसेल तर आधी इन्व्हर्टरचा पडदा बघा. अनेकदा फक्त वायफाय तुटलेलं असतं.

बिलाचा घोळ वेगळा. ॲप एकूण निर्मिती सांगतं, नेट मीटर फक्त बाहेर गेलेली आणि आत आलेली वीज मोजतं. दुपारी पंखे, फ्रिज, मोटर यांनी खाल्लेली वीज मीटरला दिसतच नाही. त्यात तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांचं, म्हणून ॲपचे आकडेही रीडिंगच्या तारखांप्रमाणेच जोडावेत.

खरी काळजी करावी अशी खूण दुपारच्या आलेखात असते. ढग आले की रेषा वेडीवाकडी होते, पण पूर्ण खाली येत नाही. स्वच्छ उन्हात ती एकदम शून्यावर पडून काही मिनिटांनी परत उठत असेल, आणि असं रोज घडत असेल, तर नोंदीत ग्रिडचा व्होल्टेज पाहा. २३० ऐवजी तो २५३ च्या आसपास चढला की बरेच इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतात. अशा चार-पाच दिवसांचे आलेख, वेळ आणि व्होल्टेजसह, वीज कार्यालयात लेखी तक्रारीला जोडा. दुरुस्ती तारेवर किंवा ट्रान्सफॉर्मरवर हवी असताना लोक उगाच इन्व्हर्टर बदलून बसतात.