कार्ड हरवलं? आधी बंद करा, मग शोधा

पाकीट सापडत नाही म्हटल्यावर माणूस आधी खिसे चाचपतो, मग कपाट उपसतो. तेवढ्यात कार्ड वापरलं जाऊ शकतं. पिन कुणाला ठाऊक नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. कार्डावर चार वक्र रेषांची खूण असेल आणि ती सोय चालू असेल, तर दुकानातल्या मशीनवर नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी पिनशिवाय होते. काही परदेशी संकेतस्थळं ओटीपीही मागत नाहीत.

म्हणून पहिलं काम कार्ड बंद करण्याचं. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्ड ब्लॉक करता येतं. फोनही गेला असेल, तर दुसऱ्याच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला कळवा. ही सोय चोवीस तास असते. हेल्पलाइनचा क्रमांक गुगलवर शोधू नका, तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही असतात. तो पासबुकावर किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. पिन आणि ओटीपी मात्र कुणालाही सांगायचा नाही, बँकेच्या माणसालाही नाही.

कार्ड घरातच असेल असं वाटत असेल, तर तात्पुरतं लॉक करा. चोरीला गेलं असेल, तर कायमचं ब्लॉक करून नवं मागवा. डेबिट कार्ड ब्लॉक केल्याने खातं बंद पडत नाही.

दुसरं काम तक्रार क्रमांक घेण्याचं. तो तारीख आणि वेळेसह लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, पिन कार्डासोबत लिहून ठेवण्यासारखा निष्काळजीपणा ग्राहकाचा असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक ना तुमची, ना बँकेची असेल, तर व्यवहाराचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्याला तो जास्तीत जास्त १०,००० रुपये, जनधनसारख्या मूलभूत खात्याला ५,०००. त्यापुढे बँकेचं धोरण लागू होतं. संदेश आला तो दिवस मोजत नाहीत. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याचा प्रयत्न होतो. व्यवहाराबद्दलची लेखी हरकत बँकेत द्या, पोलिसांत तक्रार करा आणि पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला शुल्क नाही.

आजच तीन गोष्टी करा. ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद ठेवा आणि टेकवून होणाऱ्या खरेदीची मर्यादा उतरवा. बँकेचा हेल्पलाइन क्रमांक घरातल्या वहीत लिहा, कारण पाकीट आणि फोन अनेकदा एकत्रच जातात.