शुद्ध पाणी आणि व्यायाम : सवय रुजते कशी?

हिंगोली - पावसाळ्याच्या तोंडावर गावात अतिसाराची साथ आली, की घरोघरी पाणी उकळण्यास प्रारंभ होतो. महिनाभरात साथ ओसरते आणि त्याबरोबर पातेलेही चुलीवरून खाली उतरते. व्यायामाची कथा याहून फारशी निराळी नाही. रक्तातील साखर वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले, की नवे बूट येतात, पहाटेचा गजर लागतो; पंधरवड्यात बूट दाराआड जातात आणि गजर बंद होतो. या दोन्ही गोष्टी कराव्यात, हे ठाऊक नसलेला माणूस शहरात शोधूनही सापडणार नाही. अडचण आहे ती सातत्याची. भीतीपोटी सुरू झालेली कृती भीती संपताच थांबते. सवय झालेली कृती मात्र टिकून राहते. ती सवय कशी लावावी, हाच आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

पाणी आले, जबाबदारी उरली

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख असून, दर शंभरांतील जवळपास ८५ माणसे ग्रामीण भागात राहतात. पूर्णा, पैनगंगा आणि हिंगोली शहरालगत वाहणारी कयाधू या येथील प्रमुख नद्या. हिंगोली शहराला सिद्धेश्वर धरणाचे पाणी मिळते. अनेक खेड्यांचा भार मात्र विहीर, बोअर आणि हापसा यांच्यावरच राहिला आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठरविण्यात आले. नळ दारात आल्याने हंडा-कळशीची पायपीट कमी होते, हे खरेच. तथापि नळातून आलेले पाणी ओठांपर्यंत पोहोचेपर्यंतचा प्रवास घरातच होतो. एक-दोन दिवसांआड येणारे पाणी टाकीत, पिंपात वा माठात साठविले जाते आणि कित्येकदा ते तेथेच दूषित होते. माठात हाताची बोटे बुडवून भरलेला पेला योजनेचे सारे श्रम वाया घालवू शकतो. आरोग्य विभाग लांब दांड्याचे ओगराळे वापरण्याचा आग्रह धरतो, तो याच कारणासाठी.

स्वच्छ आणि शुद्ध यांतील अंतर

दिसायला नितळ पाणी शुद्ध असेलच, असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच आढळता कामा नये. नळाच्या पाण्यात ग्राहकाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित असते. पाण्याला येणारा किंचित ब्लिचिंगचा वास अनेकांना नकोसा वाटतो. वास्तविक तो पाणी राखणाऱ्या पहारेकऱ्याची खूण असतो.

शुद्धीकरणाच्या प्रत्येक उपायाचे काम वेगळे आहे आणि तेथेच गल्लत होते. तुरटी गढूळपणा खाली बसविते, पण जंतूंचा पुरता नायनाट करीत नाही. तुरटी फिरविल्यानंतर पाणी निवळून त्यात क्लोरीन घालणे किंवा ते उकळणे आवश्यक ठरते. क्लोरीनचे द्रव अथवा गोळी वेष्टनावरील प्रमाणानुसार घालून पाणी अर्धा तास तसेच ठेवावे लागते. उकळताना खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरेसे होते. वीस-वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. उलट या गैरसमजामुळेच अनेक घरांत उकळण्याचा कंटाळा येतो.

उकळण्यालाही मर्यादा आहे. फ्लोराइड आणि नायट्रेट हे विरघळलेले घटक उकळून जात नाहीत. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. शेजारच्या यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांनी भूजलातील जादा फ्लोराइडचा त्रास सोसला आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅम ही त्याची इष्ट मर्यादा, तर दुसरा स्रोतच नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. त्यापलीकडे वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आखडतात. आणि एकदा आखडलेली हाडे पूर्ववत होत नाहीत. म्हणूनच बोअरचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पाण्याची तपासणी एकदा तरी करून घेणे हिताचे. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. सार्वजनिक स्रोतांचे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थाला आहे.

साडीच्या घड्यांचा धडा

सवयीचे मोल किती, हे बांगलादेशातील एका प्रयोगाने दाखवून दिले. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळण्यास महिलांना शिकविले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि हे जीव कापडात अडकतात, हे त्यामागचे शास्त्र. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे हंड्याच्या तोंडावर फडके बांधण्याची जी रीत आहे, तिचेच हे शास्त्रशुद्ध रूप म्हणता येईल. अर्थात, ज्यांना शक्य आहे त्यांनी गाळण्यावरच न थांबता पाणी निर्जंतुक करणे केव्हाही श्रेयस्कर.

पुढील भाग अधिक बोलका आहे. पाच वर्षांनी संशोधकांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा ३१ टक्के महिलाच घरचे पाणी गाळत असल्याचे आढळले. कापड फुकटचे, कृती सोपी, लाभ डोळ्यांदेखत. तरीही दोन तृतीयांशांहून अधिक घरांत सवय टिकली नव्हती. मात्र जेथे ती टिकली, तेथे न गाळणाऱ्या शेजाऱ्यांनाही काही प्रमाणात संरक्षण मिळाल्याचे दिसून आले. एका घराची सवय अशी साऱ्या वस्तीच्या उपयोगी पडते.

एकवीस नव्हे, ६६ दिवस

एकवीस दिवसांत सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास निराळे सांगतो. कोणी जेवणाबरोबर पेलाभर पाणी पिण्याची, तर कोणी रात्रीच्या जेवणापूर्वी पंधरा मिनिटे धावण्याची सवय लावून घेत होते. कृती आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, असे आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर जडली, व्यायामाला अधिक काळ लागला. एखाद्या दिवशी खंड पडल्याने मात्र फारसे बिघडत नाही, हा त्यातील दिलासा.

यातून निघणारा मार्ग सोपा आहे. नवी कृती जुन्या, न चुकणाऱ्या कृतीला जोडावी. सकाळचा चहा उतरला, की त्याच शेगडीवर पिण्याच्या पाण्याचे पातेले चढवावे. नळ गेला, की माठ घासून, भरून झाकावा. रात्रीचे ताट उचलले, की चपला पायात घालाव्यात. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणून ठरविलेली वेळ कधीच येत नाही.

पायांना विसरलेले शहर

शेतमजुराला निराळ्या व्यायामाची आवश्यकता नसते. पण दुकानदार, शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी यांचे दिवस आता खुर्चीवर आणि दुचाकीवर जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. लहान मुलांना रोज तासभर खेळ हवा. यासाठी व्यायामशाळेचे शुल्क लागत नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सूर्योदयापूर्वी अथवा सूर्यास्तानंतर चालणेच योग्य. येथे दोन्ही सवयी एकमेकींना भेटतात : चालण्यापूर्वी व नंतर पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. लघवीचा रंग फिकट राहणे ही पाणी पुरेसे असल्याची साधी खूण. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण आणि व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावेत.

संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नर्सीच्या या जिल्ह्याला चालण्याचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वारकरी वाट चुकत नाही, कारण त्याची तिथी ठरलेली असते. माठाची आणि पायांचीही अशीच एक वेळ ठरवून घेतली, तर साथ येण्याची वा तपासणीचा अहवाल हाती पडण्याची वाट पाहावी लागणार नाही.