कामाचा दर्जा आणि करणाऱ्याचे सुख

मालाचा दर्जा हा मालकाचा विषय आणि कामगाराचे सुखदुःख हा संघटनेचा विषय, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. ही वाटणी मुळातच चुकीची आहे, असे आम्हांस वाटते. ते का, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण पुरे आहे.

नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. त्यासाठी लागणारे खादीचे कापड शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीर येथे विणले जाते. ध्वज म्हणजे तीन रंगांचे कापड जोडले की झाले, असे नव्हे. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९५१ साली तिने राष्ट्रध्वजाचे मानक ठरविले. पहिला क्रमांक त्यालाच मिळाला. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, चक्राला आरे २४, ठरावीक आकार नऊ. चक्र दोन्ही बाजूंनी नेमके एकावर एक यावे लागते. रंग उन्हाने वा धुण्याने विटता कामा नये.

आता असा एखादा ध्वज शेवटच्या तपासणीत नापास झाला, तर दोष कोणाचा? आपण चटकन शिवणाऱ्याकडे बोट दाखवू. परंतु मूळ पुष्कळदा मागे असते. चक्र तिरके उमटले, कारण कापड एकसारखे नव्हते; कापड तसे, कारण सूत कोठे जाड तर कोठे बारीक; आणि सूत तसे, कारण पेळू वाईट होता, किंवा अपुऱ्या उजेडात कातणारीचे डोळे शिणले होते. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? तपासणी वाईट माल वेगळा काढते, त्याला चांगला करीत नाही. तोवर कातणारी, विणकर, रंगारी अशा अनेकांचे श्रम वाया गेलेले असतात.

हाच विचार शास्त्राच्या भाषेत अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी मांडला. माल तयार होत असतानाच त्याच्या मापांवर लक्ष ठेवण्यासाठी त्यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेखाची पद्धत काढली. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये व्याख्याने देऊन हे शास्त्र तेथील कारखानदारांना शिकविले. पुढे त्यांनी व्यवस्थापनाची १४ सूत्रे सांगितली. केवळ तपासणीवर विसंबू नका, हे त्यांतील एक. कामाच्या जागेतून भीती हद्दपार करा, हे दुसरे. बहुतेक दोष माणसाचे नसून व्यवस्थेचे असतात, असे त्यांचे मत होते.

भीतीचा आणि दर्जाचा संबंध काय, असे कोणी विचारील. समजा, मागावर बसलेल्या बाईला ताण्यातला तुटलेला धागा दिसला. ‘धागा तुटला’ असे सांगितल्याबद्दल बोलणी बसणार असतील आणि थांबल्याबद्दल मजुरी कापली जाणार असेल, तर ती धोटा तसाच पुढे रेटील. तिचा दोष नव्हे. तो दडविणे आपणच तिला शिकविले.

म्हणून कल्याण म्हणजे दिवाळीला वाटलेली मिठाई नव्हे. उजेड, हवा, पिण्याचे पाणी, पाठ न मोडणारी बैठक, वेळेवर मजुरी आणि चूक सांगण्याची मोकळीक, ही दर्जाचीच साधने आहेत. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली, त्यामागे निव्वळ दया नव्हती. थकलेला हात मापात चालत नाही. मात्र कायदा कारखान्याच्या दारापर्यंत पोचतो. घरच्या ओसरीवर सूत कातणारीपर्यंत पोचतोच असे नाही. त्यातच डिसेंबर २०२१ पासून यंत्राच्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली आहे. अशा स्पर्धेत पहिली कात्री मजुरीला लावण्याचा मोह होतो. ती कात्री शेवटी कापडालाच लागते.

केवळ सुख दिले की दर्जा आपोआप येतो, असेही आम्ही म्हणत नाही. माप हवे, शिक्षण हवे, शिस्तही हवी. परंतु माप कामाचे घ्यावे, धाक माणसाला घालू नये. कंधारातल्या आपल्या दुकानात, कचेरीत किंवा शाळेत उद्या काही चुकले, तर ‘कोणी केले?’ याआधी ‘कशामुळे झाले?’ असे विचारून पाहावे. उत्तर बहुधा खरे मिळेल, आणि दुरुस्ती तेथूनच सुरू होईल.