आडोशासाठी कुंपण किती उंच हवे?

आडोसा हवा म्हटले की आपण कुंपणाची उंची वाढवू लागतो. थोडी भूमिती मांडली तर वेगळेच दिसते.

समजा, ओट्यावर बसलेल्या माणसाचा माथा जमिनीपासून १.२ मीटरवर आहे. शेजारच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघणाऱ्याचे डोळे ४.२ मीटरवर आणि दोघांमधील अंतर ९ मीटर. त्यांना जोडणारी रेषा ९ मीटरमध्ये ३ मीटर चढते. कुंपण ओट्यापासून ६ मीटरवर असेल, तर ते ३.२ मीटर उंच लागेल! तोच पडदा ओट्यापासून एका मीटरवर असेल, तर दीड मीटरहून किंचित अधिक उंची पुरते. म्हणजे हद्दीवर कमरेएवढे कुंपण आणि ओट्यालगत वेल चढवलेला ताटवा, एवढ्यावर काम भागते. समरूप त्रिकोणांचा हा पाठ शाळेच्या आवारात दोरी आणि काठ्या घेऊन सहज करता येईल.

हद्दीवर भिंत घालावी की झाडे लावावीत? भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करीत खाली येतो. झाडांची रांग थोडा वारा आरपार जाऊ देते, त्यामुळे त्याचा जोर हळूहळू कमी होतो. मात्र झाडे दाट हवीत. मेंदी नुसती वाढू दिली तर उंच आणि विरळ होते. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या कळ्यांना दबवून ठेवते. शेंडा छाटला की त्या फुटतात. म्हणून रोपे गुडघ्याएवढी असल्यापासूनच छाटावीत. आकार तळाशी रुंद आणि वर अरुंद ठेवावा, नाहीतर ऊन न मिळाल्याने खालची पाने झडतात आणि नेमकी तिथूनच शेळी आत शिरते.

शेळ्या खात नाहीत म्हणून खेडोपाडी मोगली एरंडाचे (जट्रोफा) कुंपण करतात. फांदी खोचली की रुजते, खर्च नाही. पण शाळेला किंवा लहान मुलांच्या घराला ते लावू नये. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि विषारी असतात. त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. असे कुंपण आधीच असेल तर मुलांना बी दाखवून ओळख करून द्यावी, आणि कोणी खाल्ल्याचे कळताच बी सोबत घेऊन दवाखाना गाठावा. नवे लावायचे तर अडुळसा बरा. त्याचीही फांदी रुजते, आणि कडू पानांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत.