कुलूपबंद प्रोसेसरचा वेग

संगणकाच्या पेटींत प्रोसेसर नांवाचा जो लहानसा चौकोनी तुकडा असतो, त्याचें सारें काम एका ठेक्यावर चालतें. दिंडींत टाळकरी ठेका धरतात आणि सर्वांचीं पावलें त्यावर पडतात, तसा प्रकार. एक यंत्रणा मूळ ठोके पुरविते व प्रोसेसर त्या प्रत्येक ठोक्याचे आपल्या आंत ठराविक पटीनें अधिक ठोके करून घेतो. मूळ ठोके सेकंदास १० कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, आणि पट ३७ असली, तर वेग ३,७०० मेगाहर्ट्झ झाला. हा गुणाकार ध्यानांत ठेवला म्हणजे ‘ओव्हरक्लॉकिंग’ या भारदस्त शब्दाची भीति उरत नाहीं. वेग वाढवावयाचा तर पट वाढवावी, नाहीं तर मूळ ठोका जलद करावा. तिसरी वाट नाहीं.

पटीची वाट कारखानदारांनीं बहुतेक प्रोसेसरांत बंद करून ठेविली आहे. १९९० नंतरच्या दशकांत कांहीं लबाड व्यापारी मंद प्रोसेसरावरील आंकडे खरवडून त्या जागीं मोठे आंकडे छापीत आणि तो माल चढ्या भावानें विकीत. या फसवणुकीस आळा घालावा म्हणून पट बांधली, असें इंटेल कंपनीचें म्हणणें होतें. तें खोटें नव्हतें. परंतु २०१० पासून तीच कंपनी नांवाच्या शेवटीं ‘के’ हें अक्षर लावून मोकळ्या पटीचे प्रोसेसर अधिक किंमतीस विकूं लागली, तेव्हां कुलपाचा दुसरा उपयोगहि ग्राहकांस उमगला.

काटकसरी मंडळींच्या या खटाटोपांत १९९८ सालच्या ‘सेलेरॉन ३००ए’ या प्रोसेसरास मानाचें पान द्यावें लागेल. त्याची पट साडेचार व मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झहून किंचित् अधिक, गुणाकार ३००. पट बांधलेली होती खरी. पण मूळ ठोका १०० केला कीं तोच तुकडा ४५० वर धांवे, आणि पुष्कळांच्या घरीं तो कुरकुर न करितां धांवला. त्याच वर्षीं निघालेला ४५० चा पेंटियम-२ कितीतरी महाग होता. त्याच्या जवळ ५१२ किलोबाइट इतकी शीघ्रस्मृति होती, सेलेरॉनजवळ अवघी १२८. परंतु सेलेरॉनची स्मृति प्रोसेसरच्याच वेगानें चाले आणि पेंटियमची निम्म्या वेगानें, म्हणून धाकटें भावंड थोरल्याच्या अगदीं जवळ येई. ज्या मदरबोर्डांत ठोका बदलण्याची सोय नव्हती, तेथें लोकांनीं ‘बी-२१’ या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला, किंवा चक्क नखांना लावावयाचा रंग फांसला! ती पट्टी झांकली गेली कीं मदरबोर्ड प्रोसेसरास १०० च्या ठोक्याचा समजून चाले.

पण १०० च कां? इतर भागांचे ठोकेहि त्याच मूळ ठोक्यास भागून काढलेले असत. पीसीआय कार्डांचा मार्ग ३३ मेगाहर्ट्झचा. ६६ ला २ नें भागलें तरी ३३, आणि १०० ला ३ नें भागलें तरी ३३. मध्येंच ८३ वर थांबणाऱ्यास मात्र २ नेंच भागावें लागे, मार्ग ४१ च्या वर जाई आणि हार्डडिस्कवरील माहिती बिघडण्याचा धोका उभा राही. प्रोसेसर सुखरूप आणि दप्तराची मात्र माती.

२०११ च्या ‘सँडी ब्रिज’ पिढींत ही वाटहि बुजली. डिस्क, यूएसबी, ग्राफिक्स कार्ड, सर्वांचे ठोके त्याच १०० शीं बांधले गेले. शेंकडा चार-पांच वाढवितां वाढवितां एखादा भाग असहकार पुकारी. २०१५ च्या ‘स्कायलेक’ पिढींत हे धागे पुन्हा सुटे झाले. त्या वर्षाअखेर कांहीं मदरबोर्डकर्त्यांनीं नवीं बायॉस काढलीं, आणि ३,७०० चा ‘आय-३ ६१००’ १२७ च्या ठोक्यावर ४,७०० च्या घरांत नेतां येऊं लागला. मात्र अंगचें ग्राफिक्स बंद, वीज वांचविण्याची सोय बंद, उष्णतेचा आंकडा अविश्वसनीय आणि एव्हीएक्स जातीच्या गणिताचा वेग पार घसरलेला, असा तो सौदा होता. २०१६ च्या आरंभीं इंटेलनें ती फट लिंपली. २०२२ सालीं ‘आल्डर लेक’ पिढींतील ‘आय-५ १२४००’ स्वतंत्र ठोकायंत्र असलेल्या मदरबोर्डांवर ५,००० च्या पलीकडे गेला. पण आरंभीं ते बोर्ड इतके महाग होते कीं स्वस्ताईचा हेतूच फसला.

घरखर्च पाहणाऱ्यानें आणखी एक हिशेब करावा. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणांत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग शेंकडा २५ वाढविण्यासाठीं व्होल्टेज शेंकडा १२ वाढवावें लागलें, तर उष्णता दीडपटीहून अधिक होते. पंखा प्रोसेसरास खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. म्हणून पौषांत निमूटपणें चाललेलें यंत्र नागपूरच्या वैशाखांत मध्येंच बंद पडूं शकतें. बंद पडलें तर तें बरेंच म्हणावयाचें. न सांगतां चुकणारें यंत्र अधिक घातक, कारण जमाखर्चांतील आंकडा किंवा मुलीच्या प्रबंधाची फाइल कोणत्या दिवशीं बिघडली, हें मागाहून शोधूनहि सांपडत नाहीं. वेग वाढविण्यापूर्वीं दप्तराची नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवावी, नंतर यंत्रास कित्येक तास सतत गणित करावयास लावून पाहावें, आणि हमीपत्राच्या अटी तर आधींच वाचाव्या.

बेताच्या ऐपतीच्या घरास याहून सोपा मार्ग आहे. त्याच ‘आय-५ १२४००’ चा पायाचा वेग २,५०० असला तरी तो आपण होऊन ४,४०० पर्यंत चढतो. जड काम सतत चालूं असतां त्याला आवरणाऱ्या गोष्टींत उष्णता आणि ६५ वॅटची मर्यादा या दोन येतात. पुष्कळ मदरबोर्डांच्या बायॉसमध्यें ही मर्यादा वाढवितां येते. कुलपास हात लावावा लागत नाहीं. सोबत आलेल्या पंख्याऐवजीं बरा पंखा बसवावा. रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला तशीच दुसरी घालावी. आणि जुनी फिरती हार्डडिस्क अजून चालूं असेल, तर पहिले पैसे तिच्या जागीं एसएसडी बसविण्यांत घालावे, पंख्याचा विचार पुढच्या महिन्यांत केला तरी चालेल.