ॲपमधले क्रिप्टो वॉलेट : सोपे किती, सुरक्षित किती?

खेळ, खरेदी किंवा ब्राउझरच्या ॲपमध्येच बसवून दिलेल्या क्रिप्टो वॉलेटला अंतर्भूत वॉलेट म्हणतात. ते वेगळे उतरवून घ्यावे लागत नाही. वापरकर्ता मोबाइल क्रमांक किंवा ई-मेल देतो, ओटीपी टाकतो आणि त्याच्यासाठी ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेल्या सामाईक नोंदवहीत, खाते तयार होते. वॉलेट म्हटले तरी त्यात नाणी नसतात. नाण्यांची नोंद ब्लॉकचेनवर असते. वॉलेट सांभाळते ती खासगी चावी, म्हणजे एक प्रचंड मोठी गुप्त संख्या. व्यवहारावरची डिजिटल सही तिनेच होते. चावी ज्याच्या हाती, नाणी त्याच्या ताब्यात.

जुन्या पद्धतीत ही चावी जपण्याचा सगळा भार वापरकर्त्यावर असे. 2013 मध्ये मांडलेल्या बीआयपी-39 या प्रमाणानुसार 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून 12 किंवा 24 शब्द मिळतात; त्यांवरून चावी पुन्हा तयार होते. ते क्रमाने लिहून ठेवायचे. कागद हरवला आणि फोनही बिघडला, तर नाणी कायमची गेली. कागद दुसऱ्याने पाहिला, तर चोरीची वाट मोकळी. असा भार सामान्य माणसाला पेलत नाही, हे संशोधकांना आधीपासून ठाऊक होते. अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी 1999 मध्ये पीजीपी या सांकेतिक ई-मेल प्रणालीची 12 जणांवर चाचणी घेतली. चाव्यांची गुंतागुंत बहुतेकांना नीट हाताळता आली नाही.

अंतर्भूत वॉलेट हा भार तंत्राकडे सोपवते. एका पद्धतीत चावीचे तुकडे होतात : एक फोनमध्ये, एक सेवा देणाऱ्या कंपनीकडे, एक राखीव. ठरलेले किमान तुकडे एकत्र आले तरच चावी उभी राहते. यामागचे गणित अदी शामीर यांनी 1979 मध्ये मांडले. दुसऱ्या पद्धतीत तुकडे एकत्र न आणताच संयुक्त गणनेने सही होते. तिसरीत चावी सर्व्हरमधल्या बंदिस्त, सुरक्षित भागात राहते. व्यवहाराचे ‘गॅस’ नावाचे शुल्कही अडचणीचे असते; मार्च 2023 मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर आलेल्या ईआरसी-4337 या प्रमाणामुळे ते वापरकर्त्याऐवजी ॲपला भरता येते.

महाराष्ट्रात या दिशेची उदाहरणे घडली आहेत. मुंबईच्या रिलायन्स समूहातील जिओ प्लॅटफॉर्म्सने जानेवारी 2025 मध्ये पॉलिगॉन लॅब्स या ब्लॉकचेन कंपनीशी भागीदारी जाहीर केली आणि जिओस्फिअर ब्राउझरमध्ये ‘जिओकॉइन’ हे बक्षीस-टोकन दिसू लागले. त्याआधी 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे 65,000 जात प्रमाणपत्रे पॉलिगॉन ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. तिथे नागरिकाला वॉलेट लागतच नाही. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड पुरतो.

मात्र खाते उघडणे सोपे झाले म्हणजे वापर सोपा झाला, असे नाही. पहिली खरी कसोटी फोन हरवतो किंवा क्रमांक बदलतो तेव्हा लागते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगावचा विचार करावा. या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोड मजुरांची कुटुंबे काही महिन्यांसाठी कारखान्यांच्या भागात जातात. घरात एकच फोन अनेकजण वापरतात, रिचार्ज राहून गेला की सिम बंद पडते आणि बंद क्रमांक काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. ज्या वॉलेटचे दार केवळ ओटीपीने उघडते, ते अशा वेळी मूळ मालकाला बंद आणि नव्या क्रमांकधारकाला खुले होऊ शकते. म्हणून बोटाचा ठसा किंवा फोनच्या कुलुपाशी जोडलेली पासकी, आणि खाते परत मिळवण्याचा दुसरा मार्ग, या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी करून घ्यायला हव्यात.

दुसरी कसोटी सहीच्या क्षणाची. यूपीआयमध्ये पैसे कोणाला आणि किती जाणार, हे पिन टाकण्याआधी दिसते. चूक झाली तर बँकेकडे तक्रार करता येते. ब्लॉकचेनवर पक्का झालेला व्यवहार सहसा उलटवता येत नाही, म्हणून सहीआधीचा मजकूर अधिकच स्पष्ट हवा. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजारातून 23 कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली. पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीने सांगितले. जाणकारांच्या बाबतीत असे घडते, तर सामान्य वापरकर्त्यासमोर इंग्रजी अक्षरे-अंकांची लांबलचक ओळ ठेवून ‘मान्य’ म्हणायला लावणे धोक्याचेच आहे. मराठीत प्राप्तकर्ता, रक्कम आणि परवानगीची मर्यादा दाखवणे ही किमान गरज आहे.

तिसरी कसोटी बाहेर पडण्याची. कंपनी बंद पडली तर चावी दुसऱ्या वॉलेटमध्ये नेता येते का, कंपनी एकटी सही करू शकते का, हे ॲपने आधीच सांगायला हवे. भारतात क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही, त्याला बँक ठेवींसारखे विमासंरक्षण नाही आणि 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे.

चांगले वॉलेट गणित लपवते, परिणाम लपवत नाही. वापरकर्त्यानेही ॲपमध्ये ‘वॉलेट तयार झाले’ असे दिसताच तीन प्रश्न विचारावेत : फोन हरवला तर काय, सही कशावर होते आहे, आणि चावी नेमकी कोणाकडे आहे? तिन्हींची उत्तरे साध्या मराठीत मिळेपर्यंत त्यात कष्टाचा पैसा ठेवू नये.